५७,००० छायाचित्रे आणि एक ‘अत्यंत’

१/ चित्रपटाविषयी लिहू लागणाऱ्याच्या लेखणीतून बहुधा सर्वांत आधी उतरतो तो ‘अत्यंत’ हा शब्द. अत्यंत देखणे छायाचित्रण, अत्यंत कसदार अभिनय, अत्यंत हृदयस्पर्शी शेवट. शब्द निरुपद्रवी दिसतो. पण ज्या चित्रपटाची एकही प्रत आज जगात उरलेली नाही, त्याच्याविषयी नेमका हाच शब्द मागे राहिला असेल, तर इतिहासकाराच्या हाती काय लागते?

२/ आधी शब्दांचे कूळ पाहू. ‘अत्यंत’ म्हणजे अति + अंत, शेवटाच्याही पलीकडचे. ‘फार’ हा संस्कृत ‘स्फार’पासून आला, त्याचा अर्थ विस्तीर्ण. ‘खूप’ हे फारसी ‘खूब’चे मराठी रूप, मूळ अर्थ चांगले. ‘बेहद्द’ म्हणजे ज्याला हद्द नाही ते. ‘प्रचंड’मध्ये चंडीच्या नावातला ‘चंड’ आहे, म्हणजे उग्र. आणि ‘भयंकर’ म्हणजे भय उत्पन्न करणारे.

३/ हे सारे शब्द एके काळी वजनदार होते. वापराने ते झिजले. ‘भयंकर गोड’ म्हणताना आज कोणाला भीती वाटत नाही. इंग्रजी ‘व्हेरी’ हा शब्दही जुन्या फ्रेंचमधील ‘खरा’ या अर्थाच्या शब्दापासून आलेला. त्यातला खरेपणा केव्हाच ओसरला आणि केवळ जोर उरला. हातोहात फिरून नाण्याचा छाप पुसला जावा, तसे शब्दाचे होते. भाषाशास्त्र यालाच अर्थक्षय म्हणते.

४/ एक शब्द झिजला की त्याच्या जागी दुसरा येतो. ‘अत्यंत विनोदी’ने काम भागेना, तेव्हा ‘तुफान विनोदी’ आले. ‘प्रचंड गर्दीचा आठवडा’ आला. पुढे ‘भन्नाट’ आणि ‘जबरदस्त’ आले, बोलीतले ‘लई’ आणि ‘जाम’ही लेखनात शिरले. या मालिकेला शेवट नाही, कारण प्रत्येक नव्या शब्दाच्या नशिबी तीच झीज असते.

५/ आता मुंबईत येऊ. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातील पहिला खेळ झाला. त्याच दिवशी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त जाहिरात होती. शतकातील आश्चर्य, जगातील नवल, असा तिचा सूर होता. तिकीट होते १ रुपया.

६/ त्या जाहिरातीतील ‘आश्चर्य’ आणि ‘नवल’ या शब्दांतून आज काहीच कळत नाही. असे शब्द जादूगाराच्या खेळालाही चालले असते. परंतु तिच्यात खेळांची नावेही होती: आगगाडीचे आगमन, कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार, समुद्रस्नान, भिंत पाडण्याचे दृश्य. त्या संध्याकाळी मुंबईकरांनी पडद्यावर काय पाहिले, हे आज सांगता येते ते या यादीमुळे.

७/ पुढे १९१३ साल. ३ मे रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. रात्ररात्र चालणाऱ्या नाटकांना सरावलेल्या प्रेक्षकाला तासाभराचा खेळ तोकडा वाटे. त्याला ओढून आणण्यासाठी केलेली एक जाहिरात प्रसिद्ध आहे: ५७,००० छायाचित्रांचा खेळ, २ मैल लांबीचे चित्र, आणि हे सारे अवघ्या ३ आण्यांत!

८/ या जाहिरातीत ‘अत्यंत’ नाही; आकडे आहेत. म्हणूनच ती शंभराहून अधिक वर्षांनीही तपासता येते. ३५ मि.मी. फितीच्या एका फुटात १६ चित्रे बसतात. ५७,००० ला १६ ने भागले की सुमारे ३,५६२ फूट येतात. ‘राजा हरिश्चंद्र’ची नोंदवलेली लांबी ३,७०० फूट आहे. म्हणजे छायाचित्रांचा दावा जवळपास खरा.

९/ आणि २ मैल? एक मैल म्हणजे ५,२८० फूट, दोन मैल म्हणजे १०,५६०. प्रत्यक्ष फीत याच्या साधारण एक तृतीयांश! जाहिरातदाराने येथे चक्क थाप मारली. पण ती थाप पकडता येते, हे महत्त्वाचे. आकडा खोटा असला तरी तो पुरावा मागे ठेवतो. ‘अत्यंत भव्य’ हे खरे की खोटे, हे तपासायचे माप कोणाकडेच नाही.

१०/ हा निव्वळ शब्दांचा कीस नाही. मूकपटांच्या फिती नायट्रेटच्या असत. त्या कुजत, चटकन पेट घेत. भारतात सुमारे १,३०० मूकपट निघाले. त्यांतील हाताच्या बोटांवर मोजण्याइतके सोडले, तर बाकी सारे नष्ट झाले. खुद्द ‘राजा हरिश्चंद्र’च्या चारपैकी पहिले आणि शेवटचे रीळच उरले, आणि तेही १९१७ साली पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीचे असावे, असे काही अभ्यासक मानतात. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ साली. तोवर फार उशीर झाला होता.

११/ ‘आलम आरा’ची कथा त्याहून करुण आहे. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात झळकलेला हा भारताचा पहिला बोलपट. आज त्याची एकही प्रत ज्ञात नाही. उरली ती छायाचित्रे, जाहिराती आणि आठवणी. त्या काळच्या जाहिरातीतील ‘शंभर टक्के बोलपट’ हे शब्द आज पोकळ वाटतील, पण तेव्हा ते माहिती देत होते. १९२७ चा ‘द जॅझ सिंगर’ अंशतःच बोलत होता. ‘आलम आरा’ आरंभापासून अखेरपर्यंत बोलणार, असे ते आश्वासन होते.

१२/ मग आकडा दिला की काम झाले का? तसेही नाही. आचार्य अत्रे यांची ‘दहा हजार वर्षे’ मराठी वाचकाला ठाऊक आहेत: गेल्या दहा हजार वर्षांत असे झाले नाही, ही त्यांची लाडकी शैली. राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळवणाऱ्या ‘श्यामची आई’च्या (१९५३) या दिग्दर्शकाने आकड्यालाच ‘अत्यंत’ करून टाकले. दहा हजार वर्षे मोजणार कोण? ती अतिशयोक्ती आहे हे लेखकाला ठाऊक होते आणि वाचकालाही. मौज त्यातच होती.

१३/ याउलट प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) घ्या. ‘प्रचंड लोकप्रिय’ असे लिहिले, तर तो शेकडो चित्रपटांच्या रांगेत जाऊन बसतो. ‘मुंबईच्या एकाच चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ चालला’ असे लिहिले, तर वाचक आपणहून ‘प्रचंड’ म्हणतो. जो शब्द लेखकाने गाळला, तो वाचकाच्या तोंडी येतो.

१४/ ‘अत्यंत’ अगदीच निरुपयोगी आहे, असेही म्हणता येणार नाही. तो चित्रपटाविषयी मुका असला, तरी लिहिणाऱ्याविषयी बोलतो. त्याला काही तरी वाटले, एवढी साक्ष तो देतो. कोणत्या दशकात कोणता शब्द चलनात होता, हेही त्यावरून कळते. मात्र साक्षीदाराने ‘मी भारावलो’ एवढेच सांगून पिंजऱ्यातून उतरावे, तशी ती साक्ष अपुरी राहते. अति तेथे माती, असे जुने लोक म्हणत. शब्दांच्या बाबतीत ती मातीही निनावी असते.

१५/ आज चित्रपटांवर लिहिणारे तरुण हात पूर्वी कधी नव्हते इतके आहेत. त्यांचे लिखाण हेच उद्याचे दप्तर. डिजिटल प्रतीही हरवतात, पुसल्या जातात. म्हणून ‘अत्यंत’ लिहिल्यावर त्याच्या शेजारी डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट टिपून ठेवावी: कोणत्या दृश्याला सभागृह स्तब्ध झाले, उजेड कोठून येत होता, कोणत्या वाक्याला शिट्टी पडली. शंभर वर्षांनी कोणी तरी ती ओळ वाचेल आणि ५७,००० ला १६ ने भागावे, तसे त्या संध्याकाळचे गणित पुन्हा मांडून पाहील.