कागदावर बेतलेली विजार

युरोपातील शिवणकामाच्या इतिहासात विजार हे दीर्घकाळ पुरुषांचे वस्त्र राहिले आणि ती बेतण्याची विद्याही पुरुष कारागिरांच्याच हाती राहिली. पॅरिसमध्ये १६७५ साली चौदाव्या लुईने शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांच्या स्वतंत्र व्यावसायिक संघाला मान्यता दिली, तेव्हा स्त्रियांची आणि लहान मुलांची वस्त्रे शिवण्याचा अधिकार त्यांना मिळाला. पुरुषांचे कपडे मात्र शिंप्यांच्या जुन्या संघाकडेच राहिले आणि त्यांत विजार आलीच. या विद्येचे ग्रंथ उपलब्ध नव्हते असे नाही. हुआन दे आल्सेगा या स्पॅनिश शिंप्याचे १५८० मध्ये माद्रिद येथे छापलेले पुस्तक प्रसिद्ध आहे. पण ठरावीक पन्ह्याच्या कापडावर कोणते तुकडे कसे बसवावेत हे दाखवणाऱ्या त्यातील छोट्या आकृत्या ज्याला बेतणे आधीच येते त्यालाच उपयोगी पडत. मापे घेण्याची रीतही बाहेरच्या माणसाला अगम्य होती, कारण कागदाच्या लांब पट्टीवर खाचा पाडून गिऱ्हाइकाचे अंग मोजले जाई, प्रत्येक गिऱ्हाइकाची पट्टी वेगळी असे आणि कोणती खाच कशाची हे तो शिंपीच जाणे. इंचाच्या खुणा असलेली फीत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रूढ झाली आणि त्यानंतरच अंगाची मापे आकड्यांत मांडून ती दुसऱ्याला सांगणे सुकर झाले.

विजार बेतणे अवघड का, हे समजून घेतल्याशिवाय पुढचा इतिहास नीट उलगडत नाही. घागरा किंवा स्कर्ट कमरेवरून खाली सुटतो, तर विजारीचे कापड दोन पायांमधून जाते आणि ज्या भागात दोन्ही पाय जोडले जातात त्या भागाला, म्हणजे आसनाला, नेमके वळण द्यावे लागते. प्रत्येक पायाचे पुढचा आणि मागचा असे दोन तुकडे असतात. त्यांपैकी मागच्या तुकड्याचे वळण अधिक लांब आणि खोल ठेवतात, कारण माणूस बसला की पाठीमागच्या अंगाला जास्त कापड लागते. आसनाची खोली मोजताना व्यक्तीला सपाट बैठकीवर बसवून कमरेपासून बैठकीपर्यंतचे अंतर घेतात, आणि त्यात थोडीशी चूक झाली तरी विजार एकतर काचते किंवा तिला झोळ पडतो. निमुळत्या विजारीत याशिवाय मांडी, गुडघा आणि पोटरी यांची मापेही सांभाळावी लागतात. रुंद पायाची विजार मात्र सीटच्या, म्हणजे नितंबांच्या सर्वांत रुंद भागापासून सरळ खाली सोडलेली असल्याने कंबर, सीट, आसन आणि लांबी एवढी मापे अचूक असली की ती बसते. घरी शिवणाऱ्या स्त्रियांच्या हाती विजार आली ती या रुंद रूपात, आणि त्यामागे फॅशनइतकेच हे तांत्रिक कारणही असावे.

अशा वस्त्राची मागणी त्याच्या नमुन्याच्या आधी जन्माला आली होती. अमेरिकेत १८५१ मध्ये एलिझाबेथ स्मिथ मिलर आणि तिच्या पाठोपाठ अमेलिया ब्लूमर यांनी आखूड झग्याखाली घोट्यापाशी आवळलेली ढगळ तुर्की विजार घालण्यास प्रारंभ केला आणि ब्लूमरने आपल्या ‘द लिली’ या पत्रातून तिचा पुरस्कार केला, तेव्हा देशभरातील स्त्रियांनी तिला शेकडो पत्रे पाठवून या पोशाखाची माहिती विचारली आणि त्याचे नमुने मागितले. वृत्तपत्रांनी या पोशाखाची जी टर उडवली तिचीच चर्चा पुढे अधिक झाली. पण अनोळखी गावांतल्या स्त्रिया हे वस्त्र स्वतः शिवायला तयार होत्या आणि त्यांना अडचण होती ती केवळ बेतण्याची, ही गोष्ट त्या थट्टेपेक्षा कितीतरी महत्त्वाची आहे.

ही अडचण दूर करणारा व्यवसाय पुढच्या दशकात उभा राहिला. एलेन डेमोरेस्ट आणि तिचा पती विल्यम यांनी १८६० मध्ये सुरू केलेल्या फॅशन-नियतकालिकातून कागदी नमुने घरोघर पोहोचू लागले. मॅसॅच्युसेट्समधील स्टर्लिंग गावचा शिंपी एबेनेझर बटरिक याने १८६३ मध्ये त्यात निर्णायक सुधारणा केली. ती कल्पना त्याच्या पत्नीची, एलेनची, असे बटरिक कंपनीची परंपरा सांगते. एकच नमुना वेगवेगळ्या मापांत काढून विकणे ही ती सुधारणा होय. मूळ आकृतीवरून लहानमोठी मापे काढताना सगळ्या कडा सारख्याच वाढवून चालत नाही, कारण माणसाची कंबर, सीट आणि उंची एकाच प्रमाणात वाढत नसते. प्रत्येक कड किती सरकवायची याचे गणित बसवणे हे शिंप्याचे काम होते आणि बटरिकने ते गिऱ्हाइकाच्या आधीच करून ठेवले. आरंभी त्याने पुरुषांचे सदरे आणि मुलांचे कपडे यांचे नमुने विकले, काही वर्षांत स्त्रियांची वस्त्रे आली, आणि तलम टिश्यू कागदाच्या घड्या टपालाने दूरदूरच्या शेतवाड्यांपर्यंत जाऊ लागल्या.

हे जुने नमुने आजच्या वाचकाला कोरे वाटतील, कारण त्यांवर छापील रेघ नसे; शिवणीची जागा आणि चुण्या बारीक छिद्रांनी व खाचांनी दाखवलेल्या असत आणि त्यांचा अर्थ लावण्याची जबाबदारी शिवणाऱ्या स्त्रीवर असे. कापडाचा उभा धागा कोणत्या दिशेने ठेवायचा हेही छिद्रांच्या ओळीवरूनच ओळखावे लागे, आणि विजारीत तर तो धागा तिरका गेला की सगळा पायच पिळवटतो. मॅककॉल कंपनीने १९२० च्या सुमारास रेघा आणि सूचना छापलेले नमुने बाजारात आणले आणि बटरिकनेही त्याच सुमारास कृतीचा क्रम दाखवणारा सचित्र कागद पाकिटात घालण्यास सुरुवात केली.

कायदा आणि लोकाचार मात्र या प्रगतीच्या मागेच राहिले होते. पॅरिसमध्ये १८०० साली निघालेल्या पोलिसी हुकुमानुसार पुरुषी वेश करणाऱ्या स्त्रीला परवाना घ्यावा लागे; पुढे १८९२ आणि १९०९ मध्ये सायकलचे हँडल किंवा घोड्याचा लगाम हाती असलेल्या स्त्रीला सूट मिळाली, आणि हा हुकूम निष्प्रभ असल्याचे फ्रेंच सरकारने औपचारिकपणे जाहीर केले ते थेट २०१३ मध्ये. सायकल आणि व्यायामशाळा यांच्यासाठी ढगळ विजारींचे नमुने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विकले जात होते, पण ते प्रसंगापुरते वस्त्र होते.

रुंद विजारीला खरी मोकळीक मिळाली ती समुद्रकिनाऱ्यावर, आणि तिथे तिचे हिंदुस्थानाशी नाते जुळते. हिंदुस्थानात राहिलेल्या इंग्रजांनी पायजमा घरात आणि निजताना वापरायला घेतला, मायदेशी नेला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो तिकडे पुरुषांचा रात्रीचा पोशाख झाला; पुढे १९२० च्या दशकात फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर आणि व्हेनिसजवळच्या लिडोवर स्त्रिया पायघोळ ‘बीच पायजमा’ घालून फिरू लागल्या. तो बेतण्याची पद्धत मात्र हिंदुस्थानी नव्हती. आपल्याकडे पायजमा आणि सलवार परंपरेने कापडाच्या सरळ पट्ट्या व तिरक्या कळ्या जोडून आणि दोन पायांमध्ये वेगळा तुकडा लावून शिवत, त्यामुळे कापड फारसे वाया जात नसे आणि आसनाला वळणही कापावे लागत नसे. कमरेला नेफा आणि नाडी असल्याने मापाचा प्रश्नही हलका होई. युरोपीय नमुन्याने सैलपणा पूर्वेचा घेतला आणि आसनाचे वळण युरोपातल्या शिंप्यांचे ठेवले. १९२७ मध्ये स्थापन झालेल्या सिम्प्लिसिटी कंपनीचे स्वस्त नमुने १९३० च्या दशकातील आर्थिक मंदीत अशा पायजम्यांसाठीही मिळत होते, आणि १९३२ पासून निघालेल्या ‘हॉलिवूड पॅटर्न्स’च्या पाकिटांवर सिनेतारकांची छायाचित्रे झळकत होती. अभिनेत्री मार्लेन डीट्रिशच्या विजारींवरून १९३३ मध्ये वर्तमानपत्रांत गदारोळ चालू असताना सामान्य घरांतील स्त्रिया काही सेंटांच्या कागदावरून तसेच वस्त्र स्वतः शिवू शकत होत्या, हे त्या काळाचे एक मोठे सत्य आहे.

दुसऱ्या महायुद्धात कापडाच्या टंचाईने विजारीचा हा घेर आवळला. ब्रिटनमध्ये १ जून १९४१ पासून कपड्यांवर रेशनिंग आले आणि युद्धावर गेलेल्या पुरुषांच्या सुटांतून स्त्रियांचे कपडे कसे काढावेत याचे नमुने आणि मार्गदर्शन प्रसिद्ध होऊ लागले. कारखान्यांत काम करणाऱ्या स्त्रियांनी याच काळात विजार रोजच्या वापरात आणली. घेर परतला तो १९६० मध्ये, जेव्हा फॅशन डिझायनर इरेने गालित्झिने हिने इटलीत मऊ रेशमाचे ‘पलाझो पायजमा’ सादर केले.

महाराष्ट्रात पाकिटातील तयार नमुन्यांचा व्यापार कधी फारसा रुजला नाही, कारण गल्लीतला शिंपी जवळही होता आणि परवडतही होता. इथे शिवणवर्गांची परंपरा वाढली, आणि तिच्यात मुंबईच्या झारापकरांच्या बेतण्याच्या पद्धतीने अनेकांना शिकवले. या परंपरेत शिकणारी स्त्री दुसऱ्याने काढलेला नमुना विकत घेत नाही, तर छातीच्या किंवा सीटच्या मापाचे ठरावीक भाग करून खाकी कागदावर स्वतः आकृती आखते. शिंप्याचे गणित तिला पाकिटात बंद होऊन मिळत नाही, ते तिला शिकावे लागते, आणि म्हणून ही परंपरा पाकिटाच्या परंपरेपेक्षा अधिक सखोल ठरते. १९७० च्या दशकातील बेलबॉटम आणि पॅरलल, आणि अलीकडच्या काळात कुर्त्याखाली सर्रास दिसणारा पलाझो, या कागदावर उतरले आहेत. तयार मिळणाऱ्या अनेक स्वस्त पलाझोंत वेळ वाचवण्यासाठी पुढचा आणि मागचा तुकडा एकाच वळणाने कापलेला असतो, त्यामुळे बसताना मागची कंबर खाली ओढली जाते. म्हणून घरी बेतताना मागच्या तुकड्याची कंबर वर उचलतात आणि त्याच्या आसनाचे वळण पुढच्यापेक्षा लांबवतात.