अर्धी मेहराब

जोगेश्वरीच्या ओशिवरा फर्निचर मार्केटमध्ये गेलो होतो ते पुस्तकांसाठी जुनं कपाट बघायला. कपाट काही मिळालं नाही. एका दुकानात मात्र काचेच्या चौकटीत बसवलेला गालिच्याचा तुकडा दिसला. विटलेला लाल रंग, मधोमध एक मेहराब आणि तिच्या शेजारी कापली गेलेली अर्धी. "इराणी अँटीक पीस आहे, सर. सोफ्यामागच्या भिंतीवर मस्त दिसेल," दुकानदार म्हणाला. किंमत माझ्या दोन पगारांहून जास्त होती.

माझी नजर त्या अर्ध्या मेहराबीवर अडकली. एकट्याच्या जानमाजवर एकच मेहराब असते. शेजारी दुसरी असेल तर ती सफ. सफ म्हणजे रांग, आणि त्या रांगेसाठी विणलेला लांबलचक गालिचाही सफच. ओळीने मेहराबी आणि प्रत्येकीत एक नमाजी. म्हणजे हा तुकडा बहुधा कुठल्यातरी मशिदीतून निघाला होता आणि कुणीतरी कात्रीने रांग तोडून त्याला दिवाणखान्याच्या मापाचा केला होता. मराठीत आपण जिला महिरप म्हणतो ती हीच मेहराब. शब्दाने घर बदललं तसं वस्तूनेही.

आता 'इराणी'विषयी. तो तुकडा कुठला, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण जुना गालिचा दिसला की तो इराणीच, ही आपली समजूत मला खटकते. अकबराने अनुभवी कारागीर नेमून आग्रा, फतेहपूर आणि लाहोरला गालिचे विणवून घेतले, असं 'आईन-ए-अकबरी'त अबुल फजल सांगतो. हे सगळ्यांना ठाऊक असतं. दख्खनचं मात्र फारसं कुणी बोलत नाही. वरंगळ, एलुरू, मछलीपट्टण या पट्ट्यात सुती ताण्यावर लोकरीच्या गाठी मारून गालिचे विणले जात, त्यांत सफाही असत. तशा सफांचे तुकडे आज परदेशी संग्रहालयांत आहेत. डच व्यापाऱ्यांच्या जहाजांतून हा माल थेट जपानला पोचला. क्योटोच्या गिओन उत्सवात निघणाऱ्या रथांवर जे जुने गालिचे लावतात, त्यांतले काही दख्खनचे असल्याचं अभ्यासक सांगतात.

(शब्दाचा विषय निघालाच आहे तर, फारसीत 'चा' लावला की वस्तू लहान होते. बागेचा बगीचा, देगचा देगचा. तसाच गालीचा गालिचा, म्हणजे लहान गाली. मराठीने लहानाचा शब्द उचलून मोठ्यालाही तोच दिला. वर्गात हे सांगितलं की मुलं घरी जाऊन आणखी शब्द शोधून आणतात.)

आपल्या जवळचं उदाहरण विजापूरचं. 1646 च्या सुमारास मुहम्मद आदिलशाहने बांधलेल्या आसार महालात पुढे पैगंबरांचे पवित्र अवशेष ठेवले गेले, आणि त्या वास्तूत जुने गालिचेही जपले गेले. 1686 मध्ये आदिलशाही बुडाली. दरबार गेला, आश्रयदाते गेले. गालिचे मागे राहिले. त्यांतले काही आज गोल घुमटाच्या आवारातल्या संग्रहालयात आहेत.

विजापूर नंतर मुंबई इलाख्यात आलं, आणि इथे गोष्ट विचित्र वळण घेते. आसार महालातल्या गालिच्यांची नक्षी पुन्हा मागावर चढली ती पुण्याच्या येरवडा तुरुंगात! येरवडा म्हटलं की आपल्याला गांधीजी आणि 1932 चा पुणे करार आठवतो. पण 1871 मध्ये उभ्या राहिलेल्या या तुरुंगाचे गालिचे एकेकाळी नावाजलेले होते. शाही कारागिरांनी घातलेली नक्षी कैदी विणत होते. हे कैदी कोण होते, कुठल्या गावचे, कुठल्या गुन्ह्यासाठी आत आले? गालिच्यावर त्यांचं नाव नसतं. 'येरवडा जेल' एवढीच त्यांची ओळख.

तुरुंगातल्या या उद्योगावर तेव्हाही टीका झाली. सर्वांत कडक टीकाकार जॉर्ज बर्डवुड. 1832 मध्ये बेळगावात जन्मलेला हा इंग्रज डॉक्टर मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवायचा, आणि आज ज्याला भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणतात त्याच्या उभारणीत त्याचा मोठा वाटा होता. हिंदुस्थानी कलाकारागिरीवरचं त्याचं पुस्तक 1880 मध्ये आलं. तुरुंगातल्या स्वस्त मालाने पिढीजात विणकरांचा धंदा आणि नक्षी दोन्ही बुडतात, हा त्याचा राग. हिशेब सरळ आहे. कैद्याला मजुरी द्यायची नाही, मागाच्या जागेचं भाडं नाही, कामगार पळून जात नाही. घरात माग टाकून बायकामुलांसह राबणारा विणकर या भावाला कसा पुरणार? त्यात स्वस्त रासायनिक रंग आले. मंजिष्ठेचा लाल आणि निळीचा निळा जुना होत जाताना मऊ पडतो. सुरुवातीचे रासायनिक रंग नुसते उडायचे.

बर्डवुडचं म्हणणं मला पटतं, पण अर्धंच. मालक साहेबाचं सरकार, तुरुंग साहेबाचा, गिऱ्हाईकही बव्हंशी साहेबच. विंडसरच्या राजवाड्यातल्या वॉटर्लू दालनातला अवाढव्य गालिचा व्हिक्टोरिया राणीसाठी आग्र्याच्या तुरुंगात विणला गेला. 1992 मध्ये राजवाड्याला आग लागली तेव्हा तो गुंडाळून हलवायला जवळपास 50 सैनिक लागले. आणि आज लिलावात 'जेल कार्पेट' हा चांगला भाव मिळवणारा वेगळा प्रकार आहे. ज्या मालाने विणकर मारले, तोही आता अँटीक झाला.

कात्रीचं म्हणाल तर ती फार दूरवर चाललेली आहे. इराणातल्या अर्दबीलच्या दर्ग्याचे दोन जुळे गालिचे प्रसिद्ध आहेत. हिजरी 946, म्हणजे इसवी सन 1539-40 चे. त्यांवर मक्सूद काशानी हे नाव विणलेलं आहे, हा दुर्मीळ मान. पण एकोणिसाव्या शतकात विक्रीला आणताना एकाचे भाग कापून दुसऱ्याला जोडले. धडधाकट झालेला गालिचा लंडनच्या संग्रहालयाने 1893 मध्ये 2000 पौंडांना घेतला. कापलेला जुळा भाऊ आज लॉस एंजेलिसला आहे.

ओशिवऱ्याच्या दुकानात मी चौकट उलटी करून दाखवायला सांगितली. हाताच्या गालिच्याची खूण मागच्या बाजूला असते. गाठी किंचित वाकड्यातिकड्या दिसतात आणि कडेच्या झालरी ताण्याचेच धागे असतात, मशीनच्या मालासारख्या वरून शिवलेल्या नसतात. मागे पुठ्ठा चिकटवलेला होता. "ते काढता येणार नाही, सर," दुकानदार म्हणाला.

आमच्या मशिदीत काही वर्षांपूर्वी मशीनचे हिरवे कार्पेट आले. त्यावरही मेहराबी आहेत, सगळ्या एकसारख्या. जुन्या दऱ्या बऱ्याचशा भंगारात गेल्या. मीही त्या वेळी हजर होतो आणि एक शब्द बोललो नाही, नवं कार्पेट पायाला बरं वाटत होतं. गेल्या जुम्याला मुतवल्लींना विचारलं, एखादी उरली आहे का? माळ्यावर दोन आहेत म्हणाले, पण कसर लागली आहे. रमजानच्या आधी माळा रिकामा करायचा आहे, तेव्हा न्यायच्या असतील तर लवकर न्या.