‘पात्र जोडपे’ आणि खेड्यातील किशोरी : गर्भनिरोधक सेवांचा इतिहास

भारताने १९५२ साली राष्ट्रीय कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू केला. सरकारी पातळीवर असे पाऊल उचलणारा तो पहिला देश, हे आपण शाळेपासून वाचतो. त्या कार्यक्रमात खेड्यातली सतरा वर्षांची मुलगी कुठे होती, हे मात्र कुणी विचारत नाही.

उत्तर आरोग्य उपकेंद्रातल्या एका नोंदवहीत सापडते. नर्सबाई घरोघरी फिरून ‘पात्र जोडप्यां’ची यादी करतात. पत्नी प्रजननक्षम वयाची, म्हणजे पंधरा वर्षांपुढची, असलेले विवाहित जोडपे हे पात्र जोडपे. अविवाहित मुलगी या यादीबाहेरच राहिली. विवाहित मुलगी यादीत आली, पण तिच्या गरजेचे साधन तिच्यापर्यंत क्वचितच आले. १९६५ मध्ये लूप आला. १९६८ मध्ये ‘निरोध’ १५ पैशांना तीन या दराने किराणा दुकानांत मिळू लागला. तरी सारा भर शस्त्रक्रियेवर. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. शस्त्रक्रिया ही मुले झाल्यानंतरची गोष्ट. पहिले मूल लांबवू पाहणाऱ्या मुलीला तिचा काय उपयोग? आम्हा अभियांत्रिकीवाल्यांच्या भाषेत, यंत्रणा बिघडली नव्हती. तिचा आराखडाच दुसऱ्या वापरकर्त्यासाठी काढलेला होता.

१९७८ मध्ये मुलींचे विवाहाचे किमान वय १८ झाले. तेव्हापासून सोळा वर्षांची सून कायद्याने अपात्र आणि नोंदवहीत पात्र, अशी गंमत झाली.

१९९४ च्या कैरो परिषदेनंतर भाषा बदलली आणि १९९६ मध्ये साधनांची उद्दिष्टे रद्द झाली. २०११ पासून आशाताई घरपोच निरोध व गोळ्या देऊ लागल्या, रुपया-दोन रुपयांत. २०१४ च्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाने १० ते १९ वयोगट प्रथमच केंद्रस्थानी आणला. त्यात अविवाहितही आले. पण आशाताई त्याच गावच्या, बहुधा सासूच्या ओळखीच्या. दारात पिशवी घेऊन त्या उभ्या राहिल्या की साऱ्या आळीला कळते. किंमत हा अडथळा उरला नाही, गुप्तता उरली. २०१६ नंतर काही राज्यांत ‘सास-बहू संमेलने’ भरू लागली, ती या अडचणीची सरकारी कबुलीच म्हणायची.

१५ ते १९ वयाच्या ज्या मुली आई झाल्या वा गर्भवती होत्या, त्यांचे प्रमाण २००५-०६ मध्ये १६ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते सुमारे ७ टक्क्यांवर आले, ग्रामीण भागात ते जवळपास ८ टक्के. याचे श्रेय सेवांपेक्षा लांबलेल्या लग्नाला अधिक, असे मला वाटते.

दरम्यान २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अठराखालील लैंगिक संबंध गुन्हा ठरवून पोलिसांना कळवणे बंधनकारक केले. त्या भीतीने मुली दवाखाना टाळतात. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीचे नाव न उघड करण्याची मुभा डॉक्टरांना दिली. गोळ्या मागणाऱ्या मुलीबाबत आशाताईंनी काय करावे, हे त्या निकालात येत नाही.