अनोळखी चिपची ओळख

जुन्या मोटारीचा इंजिन-संगणक उघडला, की एक कोडे समोर येते. चिपवर आकडे तर असतात, पण माहितीपुस्तकात ते सापडत नाहीत. असे का?

याचे मूळ अमेरिकेच्या १९७० सालच्या स्वच्छ हवा कायद्यात आहे. विषारी धूर कमी करायचा, तर इंधनाचे प्रमाण आणि ठिणगीची वेळ काटेकोरपणे सांभाळावी लागते. त्यासाठी मोटारीत संगणक आला. फोर्डच्या १९८३ सालच्या ईईसी-४ या संगणकासाठी इंटेलची ८०६१ ही खास चिप होती. ती बाजारात मिळत नसे.

मग ओळख कशी पटवायची? चिपवरची चार आकडी संख्या बहुधा तारीख असते. ८४१५ म्हणजे १९८४ सालचा पंधरावा आठवडा. शेजारची स्मृति-चिप ओळखीची असेल, तर तिच्यापासून निघालेल्या तारा प्रोसेसरपर्यंत पोचवतात. ईईसी-४मध्ये मात्र तीही वेगळीच! सुदैवाने ८०६१चे भावंड, ८०९६, बाजारात होते. त्याच्या आज्ञांशी ताडून पाहत हौशी मंडळींनी हे कोडे बरेचसे उलगडले.

एका चिपपायी धडधाकट मोटार भंगारात जाऊ शकते. वस्तू टिकवायची, तर तिच्याविषयीचे ज्ञानही टिकवायला हवे.