माशीचे सात पट्टे

कोंबडीच्या अंड्यातला गर्भ वाढताना त्याला घड्या का पडतात? लायप्झिगचे विल्हेल्म हिस यांनी 1874 मध्ये उत्तर दिलं: रबराची नळी दाबली की पडतात तशाच, ताणामुळे आणि दाबामुळे. अर्न्स्ट हेकेल यांनी या मांडणीची टिंगल केली. त्यांच्या लेखी गर्भाच्या आकाराचं कारण पूर्वजांच्या इतिहासात होतं.

स्कॉटलंडचे डार्सी थॉम्पसन हिस यांच्या वाटेने खूप पुढे गेले. 1917 च्या ‘ऑन ग्रोथ अँड फॉर्म’ या ग्रंथात त्यांनी जेलीफिशचा आकार द्रवात पडणाऱ्या थेंबाशी ताडून पाहिला. एका माशाचं चित्र चौकटींच्या जाळीवर काढून ती जाळी वाकवली, तर दुसऱ्या जातीचा मासा मिळतो, हेही दाखवलं. ग्रंथ आजही भुरळ घालतो. पण पूर्ण वाढलेल्या एका माशापासून दुसरा मासा कधीच घडत नाही. उत्क्रांतीत बदलते ती गर्भाची वाढ, आणि ती जाळी गर्भात कोण वाकवतं, हा प्रश्न तिथे सुटलेला नाही.

1952 मध्ये अ‍ॅलन ट्युरिंग यांनी अधिक नेमकी कल्पना मांडली. वेगवेगळ्या गतीने पसरणारी दोन रसायनं एकमेकांवर क्रिया करत राहिली, तर एकसारख्या पेशीसमूहात आपोआप ठिपके किंवा पट्टे उमटू शकतात.

फळमाशीचा गर्भ तर या गणिताचा आदर्श नमुनाच वाटत होता. त्यात ‘ईव्हन-स्किप्ड’ हे जनुक समान अंतरावरच्या सात पट्ट्यांत जागं होतं. मात्र प्रयोगांनी वेगळीच गोष्ट उघड केली. दुसऱ्या पट्ट्यासाठी डीएनएचा स्वतंत्र तुकडा आहे. बायकॉइड आणि हंचबॅक ही प्रथिनं त्याला चालना देतात, तर जायंट आणि क्रुपेल दोन्ही कडांना लगाम घालतात. इतर पट्ट्यांचेही असेच वेगळे तुकडे सापडले, काही ठिकाणी दोन पट्ट्यांना मिळून एक. डोळ्यांना एकसंध दिसणारी नक्षी उत्क्रांतीने तुकड्यातुकड्याने जमवलेली निघाली.

म्हणून ट्युरिंग मोडीत निघाले नाहीत. एंजलफिश या समुद्री माशाच्या अंगावरचे पट्टे तो वाढताना त्यांच्या समीकरणांप्रमाणे सरकतात, हे जपानी संशोधकांनी 1995 मध्ये दाखवलं. 2012 मध्ये उंदरांच्या पंज्यांवर झालेल्या प्रयोगात हॉक्स गटातली जनुकं एकेक करून कमी केली, तसतशी बोटं बारीक होत गेली आणि त्यांची संख्या वाढली. बोटं उमटवण्याची रीत ट्युरिंग यांच्या गणिताशी जुळणारी होती. दोन बोटांमधलं अंतर मात्र वारशाने आलेली जनुकं ठरवत होती.