गुंटर ग्रास: साठ वर्षांनंतरची आपबीती

उर्दूत स्वतःवर गुजरलेल्या हकिकतीला ‘आपबीती’ म्हणतात आणि इतरांवर गुजरलेल्या हकिकतीला ‘जगबीती’. जर्मन लेखक गुंटर ग्रास यांच्या आठवणी वाचताना मला वाटले, अपराधाची जागा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असते.

ग्रास यांचा जन्म १९२७ साली डान्झिग, म्हणजे आजच्या पोलंडमधील ग्दान्स्क शहरात झाला. १९५९ च्या ‘द टिन ड्रम’ने त्यांना कीर्ती दिली, १९९९ साली नोबेल मिळाले. नाझी काळाबद्दल खरे बोला, असे ते देशबांधवांना सतत बजावत. १९८५ साली अमेरिकेचे अध्यक्ष रेगन बिटबुर्गच्या लष्करी कब्रस्तानात गेले. तिथे हिटलरच्या वाफेन-एसएस दलातील सैनिकांच्याही कबरी होत्या. या भेटीवर ग्रास यांनी टीका केली.

ऑगस्ट २००६ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी जाहीर केले की सतराव्या वर्षी आपणही वाफेन-एसएसमध्ये होतो. कांदा सोलण्याची उपमा शीर्षकातच असलेले त्यांचे आत्मचरित्र त्याच सुमारास आले. एकच वादळ उठले. आपण एकही गोळी झाडली नाही, असे ते म्हणाले. पण लोकांचा सवाल वेगळा होता: इतकी वर्षे गप्प का राहिलात?

मला मात्र त्या गणवेशापेक्षा पुस्तकातल्या दुसऱ्या कबुल्या जड वाटतात. १९३९ मध्ये डान्झिगच्या पोलिश टपाल कचेरीच्या बचावात आईच्या नात्यातले फ्रान्झ मामा पकडले गेले आणि त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. घरात त्यांचे नाव निघेनासे झाले, त्यांच्या मुलांबरोबरचे खेळणे थांबले. पुढे श्रमसेवेच्या छावणीत एक मुलगा रायफल हातात धरायलाच तयार नव्हता. एके दिवशी तो दिसेनासा झाला. दोन्ही वेळा ग्रास यांनी ‘का?’ असे विचारले नाही.

सतरा वर्षांच्या पोराला सक्तीच्या भरतीची सबब देता येते. न विचारलेल्या प्रश्नाला ती सबब लागू पडत नाही. शिवाय मोठेपणीची साठ वर्षांची चुप्पी त्या पोराची नव्हती, ती एका नामवंत लेखकाची होती. उशिरा का होईना, त्यांनी हे स्वतःच्या हाताने लिहिले, याचे मोल मी मानतो. पण त्यामुळे बिटबुर्गच्या वेळचे मौन पुसले जात नाही.

आपल्याकडेही दंगलींच्या, फाळणीच्या आठवणी लिहिल्या जातात. आपल्यावर काय गुजरले ते आपण तपशिलाने सांगतो. शेजारचे घर रिकामे झाले तेव्हा आपण काय विचारले, तेही त्यात यायला हवे.