दोन कानांचे गाणे

दिवाळीच्या आधी आठ दिवस आमच्या घरातले गाणे बिघडते. हे मी गेली कित्येक वर्षे पाहत आलो आहे. घराची झाडलोट निघते, गाद्या उन्हात जातात, पडदे बादलीत पडतात, माझी पुस्तके ओसरीवर रचली जातात. आणि मग रिकाम्या खोलीत मी तबकडी लावली, की गवई विहिरीत उतरून गात असल्यासारखा वाटतो. पहिल्या वर्षी मी यंत्राला दोष दिला. सुई पुसली, तारा काढून पुन्हा खोचल्या. हातात केरसुणी घेतलेली आमची सौ. दारात उभी राहून म्हणाली, ''गाद्या आत येऊ द्यात. सगळं जागच्या जागी येईल.'' गाद्या आत आल्या आणि गाणे खरोखरच जागच्या जागी आले.

पुढे मला कळले की, जे आमच्या घरात केरसुणीच्या साक्षीने सिद्ध झाले, ते शोधण्यासाठी अमेरिकेतल्या एका मास्तराने रात्रीच्या रात्री जागवल्या होत्या. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात एक नवे व्याख्यानगृह उघडले. त्यात बोललेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही. म्हणजे पहिले वाक्य विरण्याआधी दुसरे त्याच्या अंगावर येऊन पडे. वॉलेस सबाइन नावाच्या तरुण पदार्थविज्ञानाच्या शिक्षकावर हे काम सोपवले गेले. त्याने शेजारच्या नाट्यगृहातल्या आसनांवरच्या गाद्या उचलून आणल्या, ऑर्गनची एक नळी फुंकली आणि घड्याळ लावून आवाज विरायला किती वेळ लागतो ते स्वतःच्या कानाने मोजले. गाद्या वाढल्या की घुमणे कमी. सकाळ होण्याआधी गाद्या परत. या मोजमापातून जो नियम निघाला त्याच्या आधारावर १९०० साली बोस्टनचे सिम्फनी हॉल उभे राहिले. मी स्वतः मास्तर आहे. मागच्या बाकापर्यंत शब्द पोचत नाही म्हणजे काय होते ते मला ठाऊक आहे. पदार्थविज्ञान मी मॅट्रिकच्या पलीकडे शिकलेलो नाही. तरीही या माणसाची आणि माझी ओळख आहे असे मला वाटते.

पण खोली हा अर्धाच भाग झाला. उरलेला अर्धा भाग आपल्या डोक्याच्या दोन बाजूंना असतो.

१८८१ साली पॅरिसला विजेचे मोठे प्रदर्शन भरले होते. क्लेमाँ आदेर नावाच्या गृहस्थाने तिथल्या ऑपेराच्या रंगमंचाच्या कडेला टेलिफोनची यंत्रे ओळीने मांडली आणि तारा प्रदर्शनापर्यंत नेल्या. श्रोत्याच्या हातात दोन कर्णिका देत; एक डाव्या कानाला, एक उजव्या. दोन्हींच्या तारा रंगमंचाच्या वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेल्या. लोक चकित झाले. गाणे तर ऐकू येतच होते, पण गाणारा कुठून कुठे चालला आहे तेही कानाला कळत होते. त्यात गूढ काही नाही. डावीकडचा आवाज डाव्या कानाला आधी पोचतो आणि जरा मोठा पोचतो. हा वेळेचा फरक सेकंदाच्या एक हजारांशाहूनही कमी असतो, पण तेवढ्यावर मेंदू माणसाची जागा सांगतो. अंधारात कुणी हाक मारली तर आपण नेमके तिकडेच वळतो ते याच हिशेबाने.

गंमत अशी की, हे १८८१ साली ठाऊक असूनही ध्वनिमुद्रिका मात्र पुढची पाऊणशे वर्षे एका कानाची राहिली. १८७७ साली एडिसनचा फोनोग्राफ आला, मग बर्लिनरची चपटी तबकडी आली. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गैसबर्ग ध्वनिमुद्रणाचे सामान घेऊन कलकत्त्याला उतरला आणि गौहरजानने त्याच्या कर्ण्यात तोंड घालून गायिले. १९०८ साली कलकत्त्यातच तबकड्यांचा कारखाना निघाला. १९२५ च्या सुमारास कर्णा जाऊन विजेचा मायक्रोफोन आला, तेव्हा आवाजाला अंग आले. परंतु गवई, तबला, पेटी, तंबोरे ही सगळी मंडळी एकाच भोकातून बाहेर पडत होती.

आम्ही मिरजेचे. ज्या गावात तंबोऱ्याचे भोपळे रस्त्याकडेला वाळत घातलेले असतात, त्या गावात गाण्याचे वेड नसणे हेच नवल. माझ्या आजोबांनी अब्दुल करीम खाँसाहेबांना दर्ग्याच्या आवारात प्रत्यक्ष ऐकले होते, असे ते सांगत. १९३७ साली प्रवासात असताना खाँसाहेब गेले. त्यांना मिरजेला आणून मीरासाहेबांच्या दर्ग्यापाशी दफन केले. आजोबांकडे चावीचा ग्रामोफोन होता आणि खाँसाहेबांच्या तीन तबकड्या. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे. चावी फिरवायचा मान घरातल्या सर्वांत धाकट्या पोराचा. म्हणजे त्या काळी माझ्या वडिलांचा.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. रेल्वेत फिटर होते. लहानपणी त्यांचा डावा कान फुटला आणि त्या कानाने कायमचे ऐकू येईनासे झाले. त्याचे त्यांना दुःख होते असे कधी दिसले नाही. रात्री उजव्या कुशीवर, चांगला कान उशीत दाबून झोपत आणि म्हणत, ''दार लावून घेतलं. आता गावात काही होवो.''

इंग्लंडात ॲलन ब्लमलीन नावाचा एक इंजिनिअर होता. १९३१ साली तो आपल्या होणाऱ्या बायकोबरोबर बोलपट पाहायला गेला असता पडद्यावरचा नट एका कडेला आणि त्याचा आवाज भलतीकडे, हे त्याला खटकले, अशी त्याच्याविषयी गोष्ट सांगतात. घरी येऊन तो गप्प बसला नाही. १४ डिसेंबर १९३१ रोजी त्याने पेटंटसाठी अर्ज केला; त्यात सत्तर कलमे होती. दोन मायक्रोफोन कसे ठेवावेत, दोन लाउडस्पीकरांतून एक चित्र कसे उभे करावे, एवढेच नव्हे, तर एकाच खाचेत दोन आवाज कसे कोरावेत, हेही त्याने लिहून ठेवले होते. तबकडीची खाच इंग्रजी व्ही या अक्षरासारखी असते. तिच्या एका भिंतीवर डावा आवाज, दुसरीवर उजवा. सुई एकच, पण ती दोन्ही भिंतींची साक्ष एका वेळी काढते. तेव्हा त्याचे वय अठ्ठावीस होते. प्रयोगासाठी तो आणि त्याचे सहकारी खोलीत इकडून तिकडे बोलत चालत. १९३४ च्या जानेवारीत लंडनच्या ॲबे रोड स्टुडिओत सर टॉमस बीचम मोझार्टच्या ज्युपिटर सिम्फनीची तालीम घेत होते, ती त्याने अशी दोन कानांनी टिपून घेतली.

अमेरिकेतही त्याच सुमारास खटपट चालू होती. २७ एप्रिल १९३३ रोजी बेल प्रयोगशाळेच्या लोकांनी फिलाडेल्फियात वाजणारा वाद्यवृंद तीन तारांवरून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर वॉशिंग्टनच्या सभागृहात तीन लाउडस्पीकरांतून ऐकवला. वाद्यवृंदाचे नेहमीचे संचालक स्टोकोव्स्की तेव्हा वॉशिंग्टनला बसून नुसत्या आवाजाच्या खुंट्या पिळत होते.

पण ते दिवस मंदीचे होते. दोन यंत्रांचे पैसे कोण देणार? ब्लमलीनला कंपनीने दूरचित्रवाणीच्या कामाला लावले, मग महायुद्ध आले आणि तो विमानातल्या रडारवर काम करू लागला. ७ जून १९४२ रोजी त्याच रडारची चाचणी घेताना हॅलिफॅक्स जातीचे विमान कोसळले आणि आतली अकराही माणसे ठार झाली. ब्लमलीन अडतीस वर्षांचा होता. त्याच्या नावावर १२८ पेटंटे होती. रडार हे गुपित असल्यामुळे वर्तमानपत्रांत त्याच्या मृत्यूवर त्या वेळी चार ओळीही आल्या नाहीत. १९५७ च्या अखेरीस अमेरिकेत दोन भिंतींच्या खाचेची पहिली प्रात्यक्षिक तबकडी निघाली आणि १९५८ साली अशा तबकड्या दुकानांत आल्या, तेव्हा त्याला जाऊन सोळा वर्षे लोटली होती. त्या पहिल्या तबकडीच्या एका बाजूवर बँड होता आणि दुसऱ्या बाजूवर आगगाडी. लोकांना संगीतापेक्षा आगगाडी डावीकडून उजवीकडे जाताना ऐकण्याची हौस अधिक! नवे खेळणे घरात आले म्हणजे असेच होते.

घरात असे संगीत शिरायला आणखी एक अडचण होती, ती आकाराची. खर्ज नीट ऐकायचा तर लाउडस्पीकरला कपाटाएवढी पेटी लागे. तशी दोन कपाटे बैठकीत कोण ठेवू देईल? १९५४ साली एडगर विल्चर याने पेटी सर्व बाजूंनी बंद करून आतल्या कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगचे काम दिले आणि पुस्तकांच्या फळीवर मावणाऱ्या डब्यातून खर्ज निघू लागला. तबकडीही १९४८ पासून लांब पल्ल्याची झाली होती. १९५५ साली न्यूयॉर्कमध्ये अली अकबर खाँसाहेबांच्या सरोदची अशी लांब तबकडी मुद्रित झाली, तेव्हा रागाला प्रथमच तीन मिनिटांच्या खुराड्यातून बाहेर पडून पाय पसरता आले.

माझा स्वतःचा संच मी जुन्या बाजारातून हप्त्याहप्त्याने जमवला. एका कादंबरीचे मानधन त्यात गेले. तो मांडला त्या रात्रीची मला आठवण आहे. पुस्तकात वाचल्याप्रमाणे मी दोन डबे आणि माझी खुर्ची यांचा समभुज त्रिकोण सुतळीने मोजून घेतला. एका मैफलीची तबकडी लावली. डाव्या बाजूला तबला, उजव्या बाजूला पेटी, पाठीमागे दोन्ही अंगांना दोन तंबोरे आणि मधोमध, जिथे भिंतीवरच्या कॅलेंडराखेरीज काहीही नव्हते तिथे, गवई बसलेला! मिरजेत तंबोरा जुळवताना मी शेकडो वेळा ऐकला आहे. पण दोन तंबोऱ्यांच्या मधल्या रिकाम्या जागेतही सूर असतो, हे मला त्या रात्री समजले.

मी धावत जाऊन अण्णांना उठवून आणले आणि माझ्या खुर्चीत बसवले. ते दोन मिनिटे ऐकत राहिले. मग म्हणाले, ''तबलजी चांगला आहे. पण फार दबून वाजवतोय. का रे?''

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आले. तबला त्यांच्या मेलेल्या कानाच्या बाजूला होता. चाटेची धार त्यांच्या डोक्याला वळसा घालून उजव्या कानापर्यंत पोचेपर्यंत बोथट होत होती. मी म्हणालो, ''अण्णा, गवई समोर मधोमध बसल्यासारखे वाटतात ना?'' ते हसले. ''तुला वाटतात, तर असतील. आम्हाला कुठला आलाय मध्य? आम्ही आपले एका काठावरचे.''

मला फार वाईट वाटले. ज्या माणसाने मला गाणे ऐकायला शिकवले, त्याच्यासाठीच मी हे बंद दार उभे केले होते. आणि हळूहळू दुसरेही दिसू लागले. या त्रिकोणात खुर्ची एकच होती. दोन फूट सरकले, की गाणे जवळच्या डब्यात ओढले जाई. सौ. दारात उभी राहून ऐके, मुले जमिनीवर लोळत ऐकत. त्या कुणालाच मला दिसणारा गवई दिसत नव्हता. आजोबांचा ग्रामोफोन वाजे तेव्हा ओसरीवर पंधरा माणसे असत आणि सर्वांना सारखेच ऐकू येई. सारखेच वाईट, असे कुणी म्हणेल, पण सारखे.

ॲम्प्लिफायरवर एक लहानसे बटण असते. ते दाबले, की दोन्ही बाजूंचे आवाज एकत्र मिसळून दोन्ही डब्यांतून निघतात. शौकीन माणूस त्याला सहसा हात लावत नाही. मी ते दाबले. मैफल मिटली; तंबोरे, तबला, पेटी सगळी गवयाच्या मांडीवर येऊन बसली. मग मी अण्णांची खुर्ची उजव्या डब्यापाशी नेली. थोड्या वेळाने त्यांचा हात गुडघ्यावर पडू लागला. समेवर मान हलली. ''आता उघडला बघ तबला,'' ते म्हणाले.

त्यानंतर आमच्या घरात एक अलिखित नियम झाला. रात्री मी एकटा असेन तर दोन कान. अण्णा आले की एक. खाँसाहेबांच्या तबकड्या मुळातच एका कानाच्या, त्यामुळे तिथे तंटा नव्हता. मला ते दोन डब्यांच्या मधोमध दिसत, अण्णांना त्यांच्या डब्यापाशी. दोघांचेही समाधान.

ब्लमलीनविषयी मी जेव्हा विचार करतो तेव्हा मला त्या खोलीत बोलत चालणारी ती माणसे आठवतात. माणूस कुठे आहे हे आवाजावरून कळावे, एवढीच त्याची तळमळ होती. तो स्वतः कुठे गेला हे मात्र जगाला कितीतरी दिवस कळले नाही.

अण्णांना जाऊन आता चार दिवाळ्या झाल्या. उजव्या डब्याजवळची खुर्ची सौ.ने झाडलोटीत दोनदा हलवली आणि दोन्ही वेळा परत तिथेच आणून ठेवली. यंदाही गाद्या उन्हात गेल्या, गाणे बिघडले, गाद्या आत आल्या, गाणे सुधारले. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान झाल्यावर मी खाँसाहेबांची तबकडी लावीन. माझ्या त्रिकोणातली खुर्ची धाकट्याने आधीच मागून ठेवली आहे. मी काठावर बसणार आहे.